स्वस्त इंटरनेट फोन: चार डॉलरच्या बिलात काय काय गमावलं?

एडिसनकर
न्यू जर्सीतल्या घरची लँडलाइन आम्ही काढून टाकली. आता राउटरला एक छोटा अ‍ॅडाप्टर आणि त्याला तोच जुना फोन. नंबराचं भाडं, 911 ची (तातडीच्या मदतीच्या नंबराची) फी, मिनिटाला सेंटभर, सगळं धरून महिन्याला चार डॉलर. येणारे कॉल एका कंपनीकडून, इथले जाणारे दुसरीकडून, भारतातले त्या दिवशी जी स्वस्त असेल तिच्याकडून. वर स्पॅमवाल्यांसाठी दारात रखवालदार: यादीत नसलेल्याला 'बोलायचं असेल तर 5 दाबा' असं ऐकू येतं. रोबोला ते जमत नाही. रोज आठ-दहा यायचे, आता आठवड्यात एखादा. लँडलाइनला अजूनही चाळीस डॉलर मोजणारे हौशी आहेत, असं माझं मत. पटत नसेल तर भांडा.

बॉस्टनचा_बाबा
भांडतो. बर्फामुळे शाळा बंद असल्याचं कळवणारा कॉलही रोबोच करतो. माझ्याकडे हाच रखवालदार होता. त्याने तो कॉल गिळला आणि मी दोन पोरांना घेऊन कुलूप लावलेल्या फाटकासमोर उभा.

एडिसनकर
शाळेचा नंबर यादीत घाला की!

बॉस्टनचा_बाबा
घातला होता हो. कॉल दुसऱ्याच नंबरावरून आला. म्हणून आता नोमोरोबो. 2013 साली फेडरल ट्रेड कमिशनच्या (ग्राहकांचं हित बघणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेच्या) स्पर्धेत बक्षीस मिळालेली ही सेवा. फोन एकाच वेळी तुमच्याकडे आणि त्यांच्याकडे वाजतो, नंबर काळ्या यादीत असला की ते उचलून कापतात. पहिली रिंग मात्र वाजतेच. दुपारची झोप गेली ती गेलीच.

निशिगंध
काळी यादी काय नि गोरी यादी काय, दोन्ही दिसणाऱ्या नंबरावर चालतात, आणि तो हवा तो लावता येतो. 732 चा, म्हणजे एडिसनच्याच भागातला, नंबर बघून शेजारी समजून उचलावा तर गाडीची वॉरंटी विकणारा! फोनवर दिसणाऱ्या नावाचंही तेच. अमेरिकेत नाव सहसा कॉलबरोबर येतच नाही. घेणारी कंपनी नंबर बघून एखाद्या डेटाबेसमधून ते शोधते, तेही जेमतेम 15 अक्षरं. म्हणून आमच्या आडनावाचं शेपूट कायम कापलेलं.

आणि एडिसनकर, तुमची मुख्य गोची वेगळीच आहे. 30 जून 2021 पासून इथल्या मोठ्या फोन कंपन्यांना कॉलवर डिजिटल सही करावी लागते, आणि तिचे दर्जे तीन. 'ए' म्हणजे कंपनी सांगते, गिऱ्हाईकही आमचं आणि हा नंबर वापरायचा हक्कही त्याचा. 'बी' म्हणजे गिऱ्हाईक आमचं, नंबराची हमी नाही. 'सी' म्हणजे कॉल आमच्या दारातून आत आला, बाकी आम्हाला माहीत नाही. तुमचा नंबर एकीकडे आणि जाणारे कॉल दुसरीकडून, म्हणजे बहुधा 'बी'. स्पॅम अडवता अडवता समोरच्याच्या फोनवर तुम्हीच संशयित!

एडिसनकर
हे माहीत नव्हतं. पण माझा फोन कोणी उचलला नाही असं अजून तरी झालेलं नाही.

कोथरूडची_आजी
माझ्याकडे झालंय. आमचे चिरंजीव डॅलसला असतात. असंच स्वस्तातलं काहीतरी जोडलं. रोज रात्री भलताच भारतातला मोबाइल नंबर दिसायचा, मी उचलायचीच नाही. दोन नंबर तर ब्लॉकही केले. तिकडे तो घाबरून शेजाऱ्यांना फोन करतोय!

निशिगंध
आजी, तो चोरवाटेचा कॉल. परदेशातून आलेला कॉल भारतात पोचवायला तिथल्या कंपनीला मिनिटाला पैसे द्यावे लागतात. 2020 पासून 35 ते 65 पैसे. ते चुकवायला काही जण कॉल इंटरनेटवरून आणतात आणि सिमकार्डांनी भरलेल्या खोक्यातून स्थानिक म्हणून सोडतात. त्यामुळे दिसतो सिमचा नंबर, मुलाचा नाही. तिथल्या कायद्याने हे बेकायदा आहे. सर्वात स्वस्त दर बघितला की हीच वाट लागते, एडिसनकर.

बॉस्टनचा_बाबा
मग इथून भारतात कॉल करताना आपला भारतातला नंबर दाखवला तर?

निशिगंध
नका करू. बाहेरून येऊन +91 दाखवणारे खोटे कॉल अडवण्याची यंत्रणा भारत सरकारने ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू केली. तुमचा हेतू चांगला आहे हे तिला कसं कळणार?

एडिसनकर
बरं, भारताचे कॉल आता महागड्या वाटेने, माझाच नंबर दाखवून. चारचे सहा डॉलर होतील. लँडलाइन तरीही परत घेणार नाही.

बॉस्टनचा_बाबा
आणि वीज गेल्यावर 911 कसा लावणार?

एडिसनकर
राउटरला बॅटरी आहे. तासभर चालते. त्यानंतर मोबाइल.

कोथरूडची_आजी
ते दोन नंबर अनब्लॉक कसे करायचे, ते सांगेल का कुणी?