मदत हवी आहे : ‘त्रेचाळीस’ ऐकलं की पोरगा ३४ लिहितो

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडे एका लहान गावात राहतो. मुलगा सात वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला आहे. मी बारावीपर्यंत शिकले, त्याचा अभ्यास मीच घेते.

मागच्या आठवड्यात वेचणीचा कापूस मोजणं चालू होतं. सासरे काट्यावर वजन सांगत होते, आणि पोराला हौस म्हणून वही त्याच्या हाती दिली होती. एका काकूंचं गाठोडं त्रेचाळीस किलो भरलं. रात्री चुकारा काढायला बसले तर वहीत ३४. नऊ किलोचे पैसे त्या माउलीचे गेले असते. मला वजन आठवत होतं म्हणून निभावलं. पोराला विचारलं तर म्हणे, “तीन पयले आला ना आई, म्हून तीन पयले लिवला.”

मला काही बोलताच आलं नाही. तोंडात तीन आधी येतो आणि कागदावर चार आधी, हे मी स्वतः कधी ध्यानात घेतलं नव्हतं.

तेव्हापासून त्याच्या चुका नीट पाहून राहिले. एकोणसाठ सांगितलं की ६१ लिहितो, कारण ‘एक’ आणि ‘साठ’ दोन्ही ऐकू येतात. आणि दोनचं तर विचारूच नका. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. एवढ्यांत ‘दोन’ कुठंच ऐकू येत नाही, आणि बावन्नमध्ये पन्नास शोधायचे तरी कुठं? आपण मोठी माणसं हे पाठ करून मोकळे झालो, त्याला प्रत्येक आकडा नव्यानं शिकावा लागतो.

पण मुलगा गणितात कच्चा नाही, हे आवर्जून सांगते. चुलीसाठी ठेवलेल्या पऱ्हाटीच्या बारीक काड्या मोडून मी दहा-दहाच्या जुड्या सुतळीनं बांधल्या. चार जुड्या आणि तीन सुट्या काड्या समोर ठेवल्या की तो ४३ बिनचूक लिहितो. ‘चाळीस तीन’ म्हटलं तरी बरोबर लिहितो. ‘त्रेचाळीस’ म्हटलं की घसरतो. किराण्याच्या दुकानातून उरलेले पैसेही बरोबर मोजून आणतो.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचायची पद्धत आली, तेव्हा टीव्हीवर केवढा गदारोळ झाला होता. बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर बाईंनी तेव्हा सांगितलं होतं की जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो. त्या वेळी मला ते पटलं नव्हतं. आता घरातच दिसून राहिलं. वेचणीला आदिलाबादकडून येणारी तेलुगू माणसं तेविसाला ‘इरवै मूडु’ म्हणतात, म्हणजे वीस आधी, तीन मागून. त्यांच्या लेकरांना ही अडचण येतच नसेल.

घरात मात्र यावरून दोन मतं आहेत. सासरे म्हणतात, बाजारात, काट्यावर, एसटीत सगळे त्रेचाळीसच म्हणणार, पोराला वेगळं काही शिकवू नको. त्यांचंही खरं आहे. मला जुनी नावं सोडायची नाहीतच, ती त्याला आलीच पाहिजेत. फक्त तिथवर न्यायचं कसं, ते कळत नाही.

एक गोष्ट सांगायला जड जाते. परवा शेतातून दमून आले आणि त्यानं पुन्हा ५३ चे ३५ केले, तेव्हा मी फार ओरडले. आता तो वही दप्तरातून काढतच नाही, “माह्या हात दुखते” म्हणतो. ही भीती बसू द्यायची नाही, म्हणून इथं लिहून राहिले.

ज्यांनी घरी लहान मुलांना शिकवलं आहे त्यांना विचारते. दोन्ही नावं सोबत म्हणायची का, ‘चाळीस तीन म्हणजे त्रेचाळीस’ अशी? की आधी महिना-दोन महिने फक्त ‘चाळीस तीन’ आणि मग जुनं नाव? गोंधळ वाढतो की कमी होतो? एकोणतीस, एकोणसाठ यांचं काय केलं? मला वाटतं, साठच्या सहा जुड्या मांडून त्यातली एक काडी त्याच्याच हातानं काढून घ्यावी. कुणी असं करून पाहिलंय का? आणि वहीशिवाय खेळता येईल असं काही असेल तर आधी तेच सांगा.

वेळ मिळतो तो संध्याकाळी सात ते आठ, तोही लाइन असली तर. शाळेतल्या मॅडम चांगल्या आहेत, पण दोन वर्ग एकट्या सांभाळतात, त्यांच्यावर आणखी भार टाकायचा नाही. वेचणी अजून महिनाभर आहे. पोरगा काट्याजवळ येऊन उभा राहतो, वही मागत नाही. ती पुन्हा त्याच्या हाती कधी द्यावी, हेही सांगा.