नवोदय विद्यालय, पोखरापूर : सहावीच्या प्रतीक्षा यादीतून प्रवेश नेमका कसा होतो?

प्रश्न : एक पालक, दक्षिण सोलापूर

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीत शिकते आणि तिने या वर्षी जवाहर नवोदय विद्यालयाची, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्यासाठी पोखरापूरला असलेल्या केंद्र सरकारच्या निवासी शाळेची, निवड परीक्षा दिली आहे. पहिल्या निवड यादीत तिचा रोल नंबर आला नाही, मात्र पुढे दुसरी यादीही लागते असे इतर पालकांकडून समजले. पहिल्या यादीतील दहा मुले प्रवेशाला गेली नाहीत, तर गुणांच्या क्रमाने पुढची दहा मुले सरसकट घेतली जातात का? जूनमध्ये तिचे नाव सहावीत इथेच घालावे की वाट पाहावी? आमच्या गावात सातवीपुढे वर्ग नाहीत. पुढील शिक्षणासाठी मुलींना रोज एसटीने जावे लागते आणि त्यातच काहींची शाळा सुटते, म्हणून ही संधी आम्हाला फार मोलाची वाटते.

उत्तर : निवृत्त शिक्षक, मोहोळ

ताई, प्रतीक्षा यादी म्हणजे सर्वांची मिळून एकच रांग असा बहुतेक पालकांचा समज असतो, आणि बराचसा मनस्ताप त्यातूनच होतो. सहावीला जास्तीत जास्त 80 जागा असतात. त्यांपैकी किमान 75 टक्के, म्हणजे 60 जागा, ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात आणि उरलेल्या जागा शहरी व ग्रामीण अशा दोन्हींकडील मुलांमधून गुणवत्तेने भरतात. शिवाय एकूण जागांपैकी किमान एक तृतीयांश मुलींना मिळाव्या लागतात आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग व दिव्यांग यांचे आरक्षणही त्याच 80 जागांत बसवायचे असते. त्यामुळे एखादी जागा रिकामी झाली की ती कोणत्या गटातील होती हे आधी पाहिले जाते आणि त्या गटात बसणाऱ्या, प्रतीक्षेत असलेल्या पुढच्या उमेदवाराला ती मिळते. ग्रामीण भागातील अनुसूचित जातीच्या मुलीची जागा सुटली, तर शहरातील खुल्या प्रवर्गातील मुलाला अधिक गुण असूनही त्याचा तिथे विचार होत नाही. म्हणून आपल्या दहा मुलांच्या प्रश्नाचे उत्तर ‘सरसकट नाही’ असे आहे. एका गटात यादी बरीच खाली सरकते, तर दुसऱ्या गटात अजिबात हलत नाही.

जागा सुटण्याची कारणेही ध्यानात घ्यावीत. काही पालकांना दहा-अकरा वर्षांचे मूल वसतिगृहात ठेवणे जड जाते, काहींची निवड साताऱ्याच्या सैनिक शाळेसारख्या ठिकाणी झालेली असते आणि काही मुले कागदपत्रांच्या पडताळणीत अपात्र ठरतात. यांपैकी तिसऱ्या कारणाकडे पालकांनी फार गांभीर्याने पाहावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर जातात. पाचवीचे पूर्ण वर्ष याच जिल्ह्यातील शाळेत झालेले असावे, अशी अट आहे. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्णपणे ग्रामीण भागातील शाळेत झालेली असावी लागतात. मधले थोडे दिवसही शहरातील शाळेत नाव असेल, तर मूल शहरी धरले जाते. नगरपंचायत झालेल्या गावांच्या बाबतीत हे विशेष पाहावे, कारण लोकांच्या बोलण्यात ते गावच असते, पण सरकारी अधिसूचनेने ते शहरी क्षेत्र झालेले असते.

उत्तर : पालक, अक्कलकोट तालुका

आमच्या मुलाला प्रतीक्षेतूनच प्रवेश मिळाला. निरोप आल्यावर हाताशी वेळ फारच थोडा होता, म्हणून कागद आत्ताच तपासून ठेवा. जन्मदाखला, आधार कार्ड आणि शाळेचे जनरल रजिस्टर या तिन्हींवर मुलीचे, वडिलांचे व आडनावाचे शब्दलेखन सारखे आहे का, ते अक्षर न् अक्षर लावून पाहा. सीमेलगतच्या आमच्या भागात नाव एका कागदावर मराठी वळणाने आणि दुसऱ्यावर कानडी वळणाने लिहिलेले सर्रास आढळते. त्याखेरीज ग्रामीण भागातील शाळेत शिकल्याचे प्रमाणपत्र, पालकांचा याच जिल्ह्यातील रहिवासाचा पुरावा आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला लागतो.

प्रश्नकर्त्या पालक

दोघांचेही मनापासून आभार. आमच्याकडे सेतूमधून काढलेला इतर मागास प्रवर्गाचा दाखला आहे, तो पुरेल का? तसेच काही रक्कम दिल्यास यादीत नाव वर घेता येते, असे तालुक्याच्या ठिकाणी एक जण सांगत आहे.

उत्तर : निवृत्त शिक्षक, मोहोळ

त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. निवड याद्या नवोदय विद्यालय समितीकडून येतात. प्राचार्यांनाही त्यात नाव घालता येत नाही, मग बाहेरच्या माणसाला ते कसे जमेल? मुलीच्या कष्टाच्या जोरावर आपल्याकडून पैसे उकळू पाहणाऱ्यांचा मला मनस्वी संताप येतो. काही विचारायचे असेल तर थेट पोखरापूरच्या विद्यालयात जाऊन विचारावे.

दाखल्याबाबत सांगायचे, तर राज्याच्या कामासाठी काढलेला दाखला येथे चालत नाही. केंद्र शासनाच्या नमुन्यातील दाखला वेगळा मागून घ्यावा लागतो आणि आपली जात केंद्राच्या इतर मागासवर्गीय यादीत असावी लागते. राज्यात विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग असे वेगळे गट असले, तरी या प्रवेशात ते गट नाहीत. त्यांतील जी जात केंद्राच्या यादीत असेल, तिलाच इतर मागासवर्गाचा लाभ मिळतो. अर्ज भरताना कोणता प्रवर्ग नोंदवला होता, तेही आज पाहून ठेवा.

आता जूनबद्दल. सहावीत नाव गावातच अवश्य घाला आणि वर्ग बुडवू देऊ नका, त्याने प्रतीक्षेतील हक्क जात नाही. निरोप आला तरी लगेच शाळा सोडल्याचा दाखला काढू नये. विद्यालयाने कागदपत्रे तपासून प्रवेश निश्चित केल्यावरच तो काढावा. यंदा जागा मिळाली नाही, तर सहावीची ही परीक्षा पुन्हा देता येत नाही आणि प्रतीक्षा यादीही पुढच्या वर्षी चालत नाही. मात्र आठवीत असताना नववीच्या रिक्त जागांसाठी वेगळी निवड परीक्षा होते. तिच्यात इंग्रजी, हिंदी, गणित आणि विज्ञान हे विषय असतात, त्यामुळे हिंदीच्या तयारीकडे सहावीपासूनच लक्ष द्यावे.