बागेत २५ मीटरची पाण्याची टाकी : दिसायला कशी होईल, हे आधी कसं मोजायचं?

दांडियाबाजारकर :
नमस्कार मंडळी. बडोद्यात आमच्या घरामागच्या सार्वजनिक बागेत पाण्याची उंच टाकी बांधायचं घाटतंय. जमिनीपासून टोकापर्यंत २५ मीटर, शेजारी पंपघर, भोवती कुंपण. पाणी हवंच आहे, आमच्या तिसऱ्या मजल्यावर मोटर लावल्याशिवाय चढत नाही. पण आराखड्यात टाकी म्हणजे एक वर्तुळ. बाकावर बसलेल्या माणसाला काय दिसणार, ते त्यातून कळत नाही. बैठकीत नुसतं ‘वाईट दिसेल’ म्हटलं तर कोण ऐकणार? मुद्दा कसा मांडू?

रेखाटणी :
बागा आखण्याचंच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बागेत फिरून जागा ठरवा : फाटक, बाकं, घसरगुंडी, समोरच्या घरांच्या गॅलऱ्या. प्रत्येक जागेसाठी दोन गोष्टी वेगळ्या लिहा. पाहणारा कोण, आणि बदल केवढा. रोज तासभर बसणाऱ्या आजोबांचं पाहणं आणि स्कूटरवरून जाणाऱ्याचं पाहणं सारखं धरायचं नाही.

बदल केवढा, हे कोनात सांगा. २५ मीटरची टाकी १०० मीटरवरून साधारण १४ अंश उंच दिसते, ५० मीटरवरून जवळजवळ २७, २०० मीटरवरून ७. हात ताठ धरून मूठ वळली की ती सुमारे १० अंश भरते. म्हणजे १०० मीटरवरच्या बाकावरून दीड मूठ. हे सभेत कुणालाही हात पुढे करून दाखवता येतं.

मग टाकीचं टोक कुठे येईल ते दाखवायला फुगा. हेलियमचाच घ्या, हायड्रोजन धोक्याचा. परवानगी काढून, टाकीच्या जागी २५ मीटर दोरीवर पहाटे वारा पडलेला असताना सोडा आणि ठरवलेल्या प्रत्येक जागेवरून फोटो घ्या. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत नको, मांजानं दोरी तुटेल. कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर, १.६ मीटर. मोबाइलची वाइड लेन्स वापरू नका, ती टाकी खरीपेक्षा लहान दाखवते आणि तुमचाच मुद्दा दुबळा करते. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स ठीक. आणि झाडांच्या भरवशावर राहू नका. कडुनिंब फाल्गुनाच्या सुमारास झडतो, तेव्हाचेही फोटो हवेत.

व्हॉल्व्हवाले काका :
पाणीपुरवठ्यात नोकरी झाली माझी. एक सांगतो, ‘टाकी पाच मीटर बुटकी करा’ असं मागू नका. केंद्राच्या १९९९ च्या नियमपुस्तिकेत एक मजली घरासाठी किमान ७ मीटर दाब, म्हणजे पाणी तेवढं वर चढेल एवढा जोर, धरला होता, दोन मजल्यांना १२, तीनला १७. त्यात पाइपातली घट मिळवा, की टाकीचे खांब किती उंच हवेत ते निघतं. उंची कापलीत तर तुमच्याच तिसऱ्या मजल्याचं पाणी जाईल. सयाजीरावांच्या काळी आजवा तलावाचं पाणी नुसत्या उतारानं शहरात यायचं, तेव्हा घरंही बुटकी होती.

भांडायचं ते जागेसाठी. बागेच्या उत्तर कडेला सरकली तर हिवाळ्यात सावलीही बाहेर पडेल. २२ डिसेंबरच्या मध्यान्ही इथे सूर्य ४४ अंशांवर असतो, म्हणजे सावली टाकीच्या उंचीपेक्षा किंचित लांबच.

आणि खालचं बघा! लोक मान वर करून टाकीकडे किती वेळ बघतात? रोज डोळ्यांसमोर येतं ते पायथ्याचं : ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली शेवाळलेली पट्टी, व्हॉल्व्हच्या खड्ड्यावरचं अर्धवट सरकलेलं लोखंडी झाकण, त्याच्या कडेनं झिरपणारं पाणी, चिखलात उमटलेल्या चपला, तारेच्या जाळीत अडकलेल्या पिशव्या. बाग खरी तिथे मरते. ओव्हरफ्लोचं पाणी गटारापर्यंत बंद पाइपानं न्या, पंपघर कडेच्या भिंतीला लावून घ्या, जाळीऐवजी मेंदीचं कुंपण. हे सगळं आराखड्यात काढून घ्या, तोंडी आश्वासनावर राहू नका.

कमाटीबागप्रेमी :
रंगाचीही अट घाला. फिकट राखाडी आभाळात मिसळतो. टाकीवर जाहिरात नको, हेही लिहूनच घ्या. आपल्या बडोद्याच्या कमाटीबागेत १८९४ चं म्युझियम केवढं मोठं आहे, तरी ते खुपत नाही, कारण भोवती मोकळी जागा आणि मोठी झाडं आहेत. तुमच्या बागेत तेवढी जागा नाही, म्हणून टाकी कडेलाच हवी.

दांडियाबाजारकर :
रेखाटणीताई, काका, फार आभार. बुटकेपणाचा मुद्दा सोडला. फुग्याची परवानगी वॉर्ड ऑफिसात मागतो. काका, उत्तर कडेला जुनी पाइपलाइन गेलीय असं माळी म्हणतो. तिच्यापासून पाया किती लांब लागेल?

व्हॉल्व्हवाले काका :
पाइपाचा व्यास आणि खोली कळल्याशिवाय आकडा सांगणं बरोबर नाही. आधी दोन ठिकाणी खड्डा घेऊन पाहायला सांगा, मग इथे लिहा.