मदत हवी आहे: आईसाठी वारजे-कर्वेनगर भागात हरिपाठ किंवा भजनी मंडळ

बाबा गेल्यानंतर आई (वय ७४) कऱ्हाडजवळच्या गावाहून आमच्याकडे पुण्यात राहायला आली. गावी रोज संध्याकाळी विठ्ठल मंदिरात हरिपाठ, एकादशीला बायकांचं भजन, कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडा. एखादी बाई दोन दिवस दिसली नाही की बाकीच्या तिच्या दारात हजर. मला वाटतं, आईला नामाइतकाच या माणसांचा आधार होता. इथे मोबाईलवर कीर्तन लावून दिलं तर थोडा वेळ ऐकते आणि बंद करते. म्हणते, "टाळ कुणाबरोबर धरू?"

जेवण आणि झोप दोन्ही कमी झालंय. थायरॉईड आणि बी-१२ तपासून घेतलं, रिपोर्ट नॉर्मल आहेत.

या भागात नवीन बायकांना सामावून घेणारं मंडळ कुणाला माहीत आहे का? गुडघे दुखतात, त्यामुळे जिने नसलेली जागा हवी. ज्येष्ठ नागरिक संघात भजनाचा गट असेल तर तेही सांगा. नाहीतर सोसायटीतच सुरू करायची माझी तयारी आहे. पेटी-मृदंगाशिवाय, नुसत्या टाळांवर कुणी असं मंडळ उभं केलंय का? सुरुवातीला बायका कशा जमवल्या?

आणखी एक. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाईनवर कुणी बोललंय का? आई "मला काय वेड लागलंय?" म्हणून समुपदेशकाकडे यायला तयार नाही. तुमच्या घरी हा विषय कसा काढलात, ते कृपया सविस्तर लिहा.