मदत हवी आहे: गरोदरपणात शुगर होती, बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी कशावर लक्ष ठेवू?

नमस्कार, आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. सातव्या महिन्यात ग्लुकोज पाजून टेस्ट करतात त्यात माझी शुगर वाढलेली निघाली, आधी डायबेटिस नव्हता. भात, शेव-उसळ सगळं सोडलं तरी उपाशीपोटीची ९५ च्या खाली येईना म्हणून इन्सुलिन सुरू झालं. मुलगी सिझेरियनने झाली, वजन ३.९ किलो, आणि तासाभराने टाचेतून रक्त घेतलं तर तिची शुगर ३१! लगेच काचेत ठेवून ग्लुकोजचं सलाईन लावलं, दुसऱ्या दिवशी ठीक झाली. डॉक्टर म्हणाले पोटात आईकडून जास्त साखर येते म्हणून बाळ स्वतः जास्त इन्सुलिन बनवतं, नाळ कापली की साखर बंद होते पण इन्सुलिन चालूच राहतं.

आता ती तीन महिन्यांची आहे. हसते, माझ्याकडे टक लावून बघते, पण पालथं घातलं की मान पटकन टाकून देते, जाऊबाईंचा मुलगा ह्या वयात छान उचलायचा. रडताना हनुवटी नि हात थरथरतात. हात धरला की थरथर थांबते, आणि धरल्यावर थांबली तर ती फिट नसते असं डॉक्टरांनी सांगितलंय, धरूनही झटके चालू राहिले किंवा डोळे एकीकडे फिरले तर ताबडतोब घेऊन या म्हणाले. तरी रात्री उठून उठून बघते मी.

घरात म्हणतात तू गोड खाल्लंस म्हणून झालं. मला हे अजिबात पटत नाही, वारेतल्या (प्लासेंटातल्या) हार्मोन्समुळे इन्सुलिनचा असर कमी होतो, त्यात आईचा काय दोष?

शुगर थोडाच वेळ कमी होती, फिट आली नाही, तरी पुढे बोलण्या-शिकण्यावर फरक पडतो का? कुणाची अशी बाळं आता शाळेत जात असतील तर प्लीज सांगा. दुसरं म्हणजे आईला डायबेटिस असला तर बाळाच्या अंगात लोहाचा साठा कमी असू शकतो आणि मेंदूच्या वाढीला लोह लागतंच, तर कुणाच्या बाळाची फेरिटिन टेस्ट (लोहाचा साठा बघायची) करून घेतली का, लोहाचे थेंब कधी सुरू केले? मानेसाठी आत्ताच न्यूरोवाल्यांना दाखवू की चार महिने पूर्ण होऊ देऊ? सयाजी हॉस्पिटलात बाळाची वाढ तपासून घेतलेलं कुणी आहे का इथे? चौदा आठवड्यांची लस जवळ आलीये, तेव्हा डॉक्टरांना काय काय विचारू तेही लिहा.