‘सॉफ्ट मॅग्नेटिक’मधलं सॉफ्ट म्हणजे मऊ का?

प्रश्न
मंडळी, आयटीआयच्या मुलांसाठी मोटर आणि ट्रान्सफॉर्मरवरच्या टिपणांचं मराठी करतेय. ‘सॉफ्ट मॅग्नेटिक कंपोझिट’पाशी अडले. इन्सुलेट केलेली लोखंडाची पावडर दाबून जो गाभा करतात, तो. मी लिहिलंय, ‘रोधित लोहकिसाचा मऊ चुंबकीय संमिश्र पदार्थ’. वाचून माझंच समाधान होत नाही.

उत्तर
ताई, सगळ्यात आधी ‘मऊ’ काढा. मऊ भात, मऊ गादी, म्हणजे हाताला कळणारा गुण. इथे सॉफ्ट म्हणजे चुंबकत्व पटकन घेणारं आणि तारेतला प्रवाह थांबला की तितक्याच सहज सोडणारं. नाव पडलं ते लोखंडावरूनच: ठोकायला नरम लोखंड चुंबकत्व सोडून द्यायचं, पाणी दिलेलं कडक पोलाद धरून ठेवायचं. पुढे ही जोडी फुटली. जुन्या रेडिओच्या कॉइलमध्ये भुकटीचा काळा, आटे पाडलेला गाभा असायचा. तो लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरने फिरवला की कडेचा टवका उडायचा. चुंबकाच्या भाषेत सॉफ्ट, हातात ठिसूळ!

आपल्या रसशास्त्रातही (आयुर्वेदातल्या धातूंच्या विद्येत) मुंड नावाच्या लोखंडाचे मृदू, कुंठ, कडार असे प्रकार आहेत, पण तिथलं ‘मृदू’ घणाखालचं आहे. तरी मी ‘मृदू’च घेईन, फक्त सुटं ठेवणार नाही. ‘मृदुचुंबकी’ असा एकच शब्द करा, समासात ‘दु’ ऱ्हस्व. मग कोणी तो बोटाने दाबून बघणार नाही.

कीसही नको. कीस कानशीखाली पडतो. ही भुकटी बहुधा वितळलेल्या लोखंडाच्या धारेवर पाण्याचे जोरदार फवारे मारून करतात. कण साधारण 0.1 मिलिमीटरचा. ‘लोहभुकटी’ सरळ आहे.

‘रोधित’ मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. रोध म्हटलं की मुलांना रेझिस्टन्स आठवतो. शिवाय इन्सुलेशन नेमकं कुठे आहे, हेच त्यातून कळत नाही. जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय उघडा, तारेचे वेढे दिलेली पिवळी-पांढरी रिंग दिसेल. ती बहुतेक लोहभुकटीची. पण तो रंग म्हणजे हे इन्सुलेशन नव्हे. ते आत, प्रत्येक कणाभोवती असतं, पुष्कळदा फॉस्फेटचा अतिशय पातळ थर. बुंदीचा लाडू डोळ्यांसमोर आणा: घट्ट वळलेला, तरी प्रत्येक बुंदीवर पाकाचा स्वतःचा लेप.

हा लेप कशासाठी? चुंबकत्व सतत उलटसुलट होत असलं की लोखंडात भोवरा प्रवाह (एडी करंट) उठतात आणि गाभा तापतो. लेप असला की ते कणापुरतेच अडतात. पत्र्याची जाडी निम्मी केली की हा तोटा चौथाईवर येतो. म्हणून तर मोटरमध्ये 0.35 किंवा 0.5 मिलिमीटरचे लेप दिलेले पत्रे रचतात. पण पत्र्यांत चुंबकीय रेषा पत्र्याच्या पातळीतूनच जायला हव्यात. भुकटीला दिशेचं बंधन नाही, म्हणून वेड्यावाकड्या आकाराच्या मोटरांना ती सोयीची. नाव नवं असलं तरी वस्तू जुनी आहे. दाबलेल्या लोहभुकटीच्या चुंबकीय गुणांवर अमेरिकेत स्पीड आणि एल्मेन यांनी 1921 मध्येच निबंध लिहिला होता, लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनींच्या कॉइलसाठी.

आणखी एक उत्तर
मी वाइंडिंगवाला. स्टॅम्पिंगच्या, म्हणजे कापलेल्या पत्र्याच्या, कडेला बर (धारदार कंगोरा) राहिली आणि दोन पत्रे एकमेकांना टेकले तर गाभा किती तापतो, ते हात भाजून शिकलोय. म्हणून सांगतो, ‘संमिश्र’ लिहू नका, मुलं मिश्रधातू समजतील. इथे कण एकमेकांत मिसळायचेच नाहीत! आणि ‘सिंटर’ हा शब्द चुकूनही येऊ देऊ नका. बुश (शाफ्टभोवतीची बेअरिंगची नळी) करणारे भुकटी दाबून भट्टीत घालतात ती कण जुळावेत म्हणून, तेच सिंटरिंग. इथे 600 ते 800 मेगापास्कल दाब देतात आणि मग साधारण 500 अंश सेल्सियसपर्यंतच तापवतात, दाबताना आलेला ताण निघावा एवढ्यापुरतं. जास्त तापवलं की लेप जळतो.

प्रश्नकर्ती
म्हणजे ‘कणाकणावर विसंवाहक लेप असलेल्या लोहभुकटीचा मृदुचुंबकी गाभा’? लांबलं का?

उत्तर
पहिल्यांदा लांबू द्या, पुढे नुसतं ‘भुकटीगाभा’. फक्त पहिल्याच ठिकाणी एक वाक्य जोडा: प्रत्येक लेप म्हणजे चुंबकीय रेषांच्या वाटेतली बारीकशी फट, त्यामुळे याची सापेक्ष पार्यता (पर्मिएबिलिटी, म्हणजे चुंबकीय रेषांना वाट देण्याची क्षमता) शेकड्यांत राहते, तर सिलिकॉन पोलादाच्या पत्र्यांची हजारांत जाते. नाहीतर मुलं विचारतील, मग सगळेच ट्रान्सफॉर्मर भुकटीचे का नाहीत?