मालदीवने 15 जुलै 2020 रोजी पर्यटकांना पुन्हा प्रवेश दिला: तो निर्णय कोणाच्या हिताचा ठरला?

तांबडीमाती

सर्व सदस्यांना नमस्कार. मी पुण्यात अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते आणि पर्यटनावर जगणाऱ्या बेटांनी करोनानंतर आपल्या सीमा पुन्हा कशा उघडल्या, यावर माझ्या प्रबंधातील एक प्रकरण आहे. त्यासाठी मी मालदीव निवडले आहे. या देशाने 27 मार्च 2020 रोजी विमानतळावर उतरताच मिळणारा पर्यटक व्हिसा बंद केला आणि साडेतीन महिन्यांनी, 15 जुलै रोजी, कोणत्याही देशाच्या पर्यटकाला विलगीकरणाची अट न घालता पुन्हा प्रवेश दिला. तेव्हा लस उपलब्ध नव्हती, आणि लक्षणे नसतील तर सुरुवातीला चाचणीचा अहवालही मागितला जात नव्हता. थायलंडने फुकेत बेट उघडले ते त्यानंतर जवळजवळ एका वर्षाने, 1 जुलै 2021 रोजी, आणि तेही लसीकरण पूर्ण झालेल्या पर्यटकांसाठी. शिवाय देशात इतरत्र जाण्यापूर्वी त्यांना 14 दिवस त्या बेटावरच राहावे लागत असे.

मालदीवमध्ये 2019 साली 17 लाखांहून अधिक पर्यटक आले होते; 2020 मध्ये ही संख्या साडेपाच लाखांच्या आसपास घसरली, 2021 मध्ये ती 13 लाखांपलीकडे गेली आणि 2022 मध्ये 16 लाख ओलांडून गेली. माझ्या मार्गदर्शकांच्या मते हे निर्विवाद यश आहे. तसे लिहिताना माझा हात मात्र अडखळतो, कारण आलेल्या पर्यटकांची संख्या हेच एकमेव माप धरले, तर राजधानी माले शहरात दाटीवाटीने राहणारा कामगार किंवा लहानशा बेटावर चार खोल्यांचे गेस्टहाऊस चालवणारे कुटुंब हिशेबातच येत नाही. आपल्यापैकी कोणी तिथे नोकरी केली असेल, लोकांचे प्रवास आखून दिले असतील किंवा आरोग्याच्या अंगाने हा काळ पाहिला असेल, तर या निर्णयाने कोणाला तारले आणि कोणाला तो महाग पडला, हे कृपया सविस्तर सांगावे.

रेवदंडा

ताई, मी 2017 ते 2022 या काळात मालदीवमधील एका रिसॉर्टच्या देखभाल विभागात होतो आणि टाळेबंदीचे सगळे महिने त्याच बेटावर काढले. त्यामुळे जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहितो.

मालदीव इतक्या लवकर उघडू शकले, याचे मुख्य कारण तिथली रचना आहे. सुमारे 1,200 लहान प्रवाळबेटांच्या या देशात 1972 पासून पर्यटन वाढत गेले ते प्रामुख्याने 'एक बेट, एक रिसॉर्ट' या पद्धतीने. वीज निर्माण करणारे जनरेटर, समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र, कपडे धुण्याची व्यवस्था, दवाखाना आणि कर्मचाऱ्यांच्या खोल्या हे सारे त्याच बेटावर असते. विमानतळ हुलहुले या स्वतंत्र बेटावर आहे. पाहुणा तिथे उतरतो, स्पीडबोटीत किंवा सीप्लेनमध्ये बसतो आणि माले शहरात पाऊल न ठेवता थेट रिसॉर्टच्या धक्क्यावर पोहोचतो. सुरुवातीला संपूर्ण मुक्काम एकाच ठिकाणी करण्याची अट होती, त्यामुळे कोणी आजारी पडले तरी त्याचा संपर्क कोणाकोणाशी आला, हे शोधणे सोपे जात असे. देशातील पहिले रुग्ण मार्च 2020 मध्ये कुरेदू येथील रिसॉर्टमध्ये सापडले होते आणि तेव्हा बेटाची ये-जा थांबवून संसर्ग आवरता आला होता. उलट 15 एप्रिलला माले शहरात पहिला रुग्ण सापडला आणि आजार वेगाने फोफावला.

आता बंद काळाविषयी, कारण बाहेरच्या माणसाला तो दिसत नाही. रिसॉर्ट बंद ठेवले म्हणून खर्च थांबत नाही. गोड्या पाण्याच्या यंत्रातील मीठ गाळणारे पडदे वेळोवेळी धुतले नाहीत तर ते निकामी होतात, वातानुकूलन बंद राहिले की लाकडी भिंतींवर आणि गाद्यांवर बुरशी चढते, पाण्यावरच्या घरांच्या खांबांची तपासणी टाळता येत नाही. आम्ही मोजके लोक एवढ्यासाठीच मागे राहिलो होतो. माझा केरळचा एक सहकारी मे 2020 मध्ये भारतीय नौदलाच्या 'आयएनएस जलाश्व' या जहाजाने मालेहून कोचीला गेला. त्या पहिल्या फेरीत सुमारे 700 भारतीय परतले. त्याला निरोप देताना, आपण पुन्हा एकत्र काम करू, अशी खात्री आम्हा दोघांपैकी कोणालाच वाटत नव्हती.

15 जुलैनंतर लगेच गर्दी झाली, असेही नाही. आमच्याकडे पहिले काही आठवडे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच पाहुणे होते. वर्ष संपत आले तेव्हा मात्र रशियन आणि भारतीय पाहुण्यांनी बेट पुन्हा भरले. त्या गजबजाटात आमची अवस्था अशी होती की पाहुणा मुखपट्टीविना किनाऱ्यावर फिरू शकत असे आणि आम्हाला मात्र मालेला जाण्याची परवानगी नव्हती. रजेवर गेलेला स्थानिक कर्मचारी परतला की त्याला वेगळ्या खोलीत ठेवून चाचणी होईपर्यंत कामावर घेत नसत. आठ-आठ महिने आपल्या मुलांना न भेटलेले मालदीवी सहकारी मी पाहिले आहेत, आणि त्यांचे घर स्पीडबोटीने दोन तासांवर होते. ती बेटे सुरक्षित राहिली त्यामागे या माणसांचा मोठा त्याग आहे, असे मी ठामपणे म्हणेन, आणि तो आपल्या प्रबंधात यावा ही मनापासून इच्छा आहे.

सामुदायिक_आरोग्य

मी सामुदायिक वैद्यकशास्त्राची अध्यापक आहे. रेवदंडा यांनी वर्णन केलेली रचना संसर्ग रोखण्यास खरोखरच अनुकूल होती, परंतु तिच्यामुळे संरक्षण मिळाले ते प्रामुख्याने रिसॉर्टच्या आतील लोकांना. चाचणीविना प्रवेश देण्याचा पहिल्या दोन महिन्यांचा निर्णय मला आजही अनाठायी धोक्याचा वाटतो. 10 सप्टेंबर 2020 पासून प्रवासापूर्वी 72 तासांच्या आतील पीसीआर चाचणी सक्तीची झाली, हे योग्यच झाले, पण ती अट पहिल्याच दिवशी घालता आली असती.

त्याच वेळी एक सावधगिरीची सूचना करते. मे 2021 मध्ये मालदीवमध्ये मोठी लाट आली आणि जेमतेम पाच-साडेपाच लाख वस्तीच्या देशात एका दिवसात हजाराहून अधिक रुग्ण सापडू लागले. त्या लाटेचे खापर केवळ पर्यटकांवर फोडणे शास्त्रीय ठरणार नाही. एप्रिलमध्ये स्थानिक परिषदांच्या निवडणुका झाल्या होत्या, पाठोपाठ रमजानचा महिना आला होता, विषाणूचा अधिक संसर्गजन्य प्रकार या सगळ्या प्रदेशात पसरत होता, आणि माले हे जगातील अत्यंत दाट वस्तीच्या शहरांपैकी एक आहे. तेथील स्थलांतरित कामगार, ज्यांत बांगलादेशातून आलेल्यांची संख्या मोठी आहे, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपतात. अशा ठिकाणी अंतर राखण्याचा सल्ला निरर्थक ठरतो. लसीकरण तोवर सुरू झालेले होते. भारताने 20 जानेवारी 2021 रोजी कोव्हिशिल्डच्या 1 लाख मात्रा भेट म्हणून पाठवल्या होत्या आणि पर्यटन क्षेत्रातील कर्मचाऱ्यांना पुढे प्राधान्यही मिळाले. तरीही ती लाट लसीकरणाच्या वेगापेक्षा जलद आली.

निवृत्त_बँकर

प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीचा आहे, म्हणून एवढेच जोडतो. तांदूळ, पीठ, भाजीपाला आणि इंधन बाहेरून आणणाऱ्या देशाला रोज डॉलर लागतात आणि मालदीवला ते पर्यटनातून मिळतात. 2020 मध्ये त्यांचे राष्ट्रीय उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने आक्रसले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारताने अर्थसंकल्पाला आधार म्हणून 25 कोटी डॉलर दिले, यावरून तिजोरीची अवस्था कळते. थायलंडचा पसारा मोठा आहे, तिथे शेती आहे, कारखाने आहेत. त्यामुळे फुकेतसाठी वर्षभर थांबणे त्यांना परवडले. मालदीवला थांबण्याचा पर्याय कितपत होता, याचा विचार केल्यावाचून त्यांच्या धाडसाचे कौतुक किंवा निंदा करू नये, असे मला वाटते.

गिरगाव_प्रवास

मी मुंबईत लहानशी प्रवाससंस्था चालवतो. ताईंनी गेस्टहाऊसचा उल्लेख केला म्हणून आवर्जून लिहीत आहे, कारण तो भाग सहसा कोणी विचारत नाही.

स्थानिक वस्तीच्या बेटांवर पर्यटकांना राहू देण्याची मुभा साधारण 2009-10 पासून मिळाली आणि तेव्हापासून माफुशीसारख्या बेटांवर घरगुती गेस्टहाऊस उभी राहिली. माझे बहुतेक ग्राहक ठाणे, नाशिक, कोल्हापूरकडचे शिक्षक, बँक कर्मचारी, नवविवाहित जोडपी असे असतात, आणि रिसॉर्टचे भाडे त्यांच्या आवाक्यात नसल्याने ते गेस्टहाऊसमध्येच उतरतात. रिसॉर्ट जुलैमध्ये उघडली, पण गेस्टहाऊसना 15 ऑक्टोबर 2020 पर्यंत वाट पाहावी लागली. पुढे सहा महिने बरे गेले. भारत आणि मालदीव यांच्यात विशेष विमानसेवेचा करार झालेला होता आणि 2020 तसेच 2021 या दोन्ही वर्षी तिथे जाणाऱ्यांत भारतीयांचाच क्रमांक पहिला होता. मग 27 एप्रिल 2021 पासून भारतीय पर्यटकांना वस्तीच्या बेटांवर राहण्यास बंदी आली, म्हणजे रिसॉर्ट चालू आणि गेस्टहाऊस बंद अशी स्थिती झाली. आणि 13 मेपासून दक्षिण आशियातून येणाऱ्या सर्वच पर्यटकांचा प्रवेश थांबला. तो पुन्हा मिळाला 15 जुलै 2021 रोजी.

त्या एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे अकरा कुटुंबांच्या नोंदण्या होत्या. मोठ्या रिसॉर्टपैकी एकाने पैसे परत करण्यास साफ नकार दिला आणि वर्षभराच्या आत येण्याची चिठ्ठी हाती ठेवली, जी दोन कुटुंबांना वापरताच आली नाही. याउलट एका गेस्टहाऊसच्या मालकाने, ज्याच्या सहाच खोल्या होत्या आणि ज्याच्या डोक्यावर बांधकामाचे कर्ज होते, माझ्या ग्राहकांचे निम्मे पैसे पाठवले आणि उरलेले तीन हप्त्यांत फेडतो असे स्वतःहून कळवले. त्याने ते फेडले. कर्जाचे हप्ते भागवण्यासाठी त्याला आपली होडी विकावी लागली, हे मला नंतर समजले. आपण विचारता की निर्णय महाग कोणाला पडला. माझ्या अनुभवातले उत्तर हे आहे. बंदी घालणे चूक होते असे मी म्हणत नाही, कारण त्याच बेटावर त्याची वृद्ध आईही राहते. पण ज्यांनी वस्तीच्या रक्षणासाठी धंदा बंद ठेवला, त्यांच्या कर्जाचा भार त्यांच्यावर एकट्यावर पडायला नको होता.

तांबडीमाती

आपणा सर्वांची मी अत्यंत ऋणी आहे. निवृत्त_बँकर काकांचा मुद्दा मी प्रकरणाच्या आरंभीच घेईन, आणि रिसॉर्ट व वस्तीची बेटे यांचे आकडे स्वतंत्रपणे मांडीन. आजवर मी ते एकत्रच धरत होते. रेवदंडा दादा, एक विचारायचे राहिले: बंद काळात आणि पुन्हा उघडल्यानंतर कर्मचाऱ्यांच्या वेतनाचे नेमके काय झाले?

रेवदंडा

ताई, तिथे मूळ वेतन बेताचे असते आणि कमाईचा मोठा भाग पाहुण्यांच्या बिलावर लागणाऱ्या सेवाशुल्काच्या वाट्यातून येतो. पाहुणे नाहीत तर सेवाशुल्क शून्य. आमच्याकडे एप्रिल 2020 पासून मूळ वेतनही निम्म्यावर आले आणि ते पूर्ववत झाले 2021 च्या जानेवारीत, म्हणजे बेट 'उघडल्यानंतर' सहा महिन्यांनी. माझ्यासोबत बागेत काम करणारे बांगलादेशी मित्र त्या काळात घरी एक पैसाही पाठवू शकले नाहीत, कारण जेवण-राहणे बेटावर मिळत असले तरी हाती काही उरत नसे. माझ्या त्या वर्षीच्या सर्व वेतनपावत्या जपून ठेवलेल्या आहेत. संस्थेचे नाव झाकून त्यांच्या प्रती तुम्हाला या आठवड्यात पाठवतो.